जावा आणि बाली: जुनी देवळं नीट पाहायची तर

इंडोनेशियाच्या जावा बेटावरच्या देवळांत मूर्ती आहेत, पण रोजची पूजा नाही. बालीत पहाटेपासून पूजा चालू असते, पण गाभाऱ्यात मूर्ती शोधायला गेलात तर बहुतेक ठिकाणी रिकामं दगडी सिंहासन दिसतं. त्याला पद्मासन म्हणतात आणि ते मुद्दाम रिकामं ठेवलेलं असतं. आपल्याकडचा माणूस दोन्हीकडे चकतो. जावातल्या प्रंबाननच्या देवळांत तो चपला काढायची जागा शोधतो आणि बालीत 'देव कुठाय?' म्हणत थेट आतल्या अंगणात घुसतो. जावाला भिंती वाचायला जायचं आणि बालीला दुसऱ्याच्या घरच्या कार्याला पाहुणा म्हणून जायचं, हे मनात ठेवून बेत आखला की निम्मे घोळ टळतात.

आधी पंचांग, मग विमान

कोरडा हंगाम मे ते सप्टेंबर. नोव्हेंबर ते मार्च पाऊस असतो, बहुधा दुपारनंतर कोसळतो. पण पावसाहून सण जास्त अडवतात.

बालीचं नववर्ष म्हणजे न्येपी, आणि ते आपल्याच शककालगणनेचं आहे. 2026 मध्ये न्येपी आणि गुढीपाडवा एकाच दिवशी, 19 मार्चला, आणि दोन्हीकडे शके 1948. मात्र दरवर्षी असं जुळत नाही. त्यांचा अधिक महिना वेगळ्या ठिकाणी पडला की महिन्याचा फरक होतो: 2024 मध्ये न्येपी 11 मार्चला होती आणि पाडवा 9 एप्रिलला. म्हणून 'पाडव्याच्या सुट्टीत बाली' असा बेत करताना तारीख वेगळी तपासा. न्येपीला सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सहापर्यंत विमानतळसुद्धा बंद असतो. पाहुण्यांनाही हॉटेलबाहेर पडता येत नाही आणि रात्री दिवे झाकावे लागतात. आदल्या संध्याकाळी मात्र ओगोह-ओगोह, म्हणजे राक्षसांचे प्रचंड पुतळे, मिरवतात. त्यासाठी दोन दिवस आधी पोहोचा आणि न्येपीचं खाणं आदल्या दिवशीच भरून ठेवा.

बालीचं दुसरं पंचांग 210 दिवसांचं आहे. गालुंगान हा मोठा सण त्यावर चालतो: 17 जून 2026, मग 13 जानेवारी 2027. दहा दिवसांनी कुनिंगान. या काळात रस्त्याच्या दोन्ही कडांना पेंजोर, म्हणजे शेंड्याला वाकलेले सजवलेले बांबू, उभे असतात आणि बघायला याहून सुंदर दिवस नाहीत. फक्त गालुंगान आणि त्याच्या आगेमागे एकेक दिवस गाडीवाले सुट्टीवर असतात, तेव्हा लांबचे पल्ले टाळा. प्रत्येक देवळाचा वर्धापनदिन, ओडालान, तोही बहुतेक ठिकाणी 210 दिवसांनी येतो. मुक्कामाच्या घरी 'जवळपास ओडालान कुठे?' एवढं विचारलंत तरी एखादा हमखास सापडतो.

जावा मुस्लिमबहुल आहे. रमजान ईदच्या आगेमागे आठवडाभर अख्खी जावा गावी निघालेली असते. आपल्या गणपतीतल्या कोकण रेल्वेची आठवण करा. त्या दिवसांत तिथे जाऊ नका.

कागद आणि पैसे

भारतीय पासपोर्टवर आगमनानंतरचा व्हिसा मिळतो. शुल्क 5,00,000 रुपिया, मुदत 30 दिवस, एकदा तेवढीच वाढवता येते. घरूनच ऑनलाइन काढला तर विमानतळावरची एक रांग वाचते, पण शोधात वरती दलालांच्या साइट येतात आणि त्या जादा पैसे घेतात. सरकारी पत्त्याचा शेवट 'गो डॉट आयडी' असा असतो, तो पाहूनच कार्ड घाला. पासपोर्ट पोहोचण्याच्या दिवसापासून सहा महिने वैध हवा आणि परतीचं तिकीट जवळ हवं. कस्टमचं घोषणापत्र निघण्यापूर्वी ऑनलाइन भरायचं, ते मोफत आहे. बालीसाठी फेब्रुवारी 2024 पासून माणशी 1,50,000 रुपिया वेगळा पर्यटक कर आहे. तो भरून आलेला क्यूआर कोड फोनमध्ये ठेवा.

हिशेबासाठी शेवटची तीन शून्यं काढा आणि साधारण साडेपाचने गुणा, म्हणजे भारतीय रुपये मिळतात. 50,000 रुपिया म्हणजे पावणेतीनशेच्या आसपास. घाईत सगळ्यांची चूक एकच होते, 10,000 च्या जागी 1,00,000 ची नोट जाते. लाखाची तांबडी, दहा हजाराची जांभळी. पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यांत ठेवा. काही एटीएम पैसे आधी देतात आणि कार्ड नंतर, त्यामुळे पैसे मोजत निघून गेलात की कार्ड आतच राहतं.

मार्ग

अकरा दिवस धरा. सिंगापूर किंवा क्वालालंपूरमार्गे थेट जावातल्या योग्यकर्ताला उतरा आणि परतीचं विमान बालीतल्या देनपसारहून घ्या. दोन्ही तिकिटं देनपसारची काढलीत तर मधला अख्खा दिवस उलट्या प्रवासात जातो. योग्यकर्ताला चार रात्री, उबुदला चार, बालीच्या पूर्व किनाऱ्यावर चंडीदासाला दोन. योग्यकर्ता ते देनपसार विमान सव्वा ते दीड तासाचं आहे, पण बाली जावापेक्षा एक तास पुढे असल्यामुळे तिकिटावर जास्त दिसतं. रेल्वेची हौस असेल तर योग्यकर्ताहून केतापांगपर्यंत दिवसभराची गाडी आहे, पुढे बालीतल्या गिलिमानुकला फेरीबोटीने तासाभरात.

योग्यकर्ताचा नवा विमानतळ शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर आहे. बाहेर टॅक्सीवाले गराडा घालतात, तिकडे न बघता विमानतळाची रेल्वे पकडा. तुगू स्टेशनला पाऊण तासाच्या आत पोहोचवते.

एक उच्चाराची गोष्ट: इंडोनेशियन पाट्यांवर 'सी' अक्षराचा उच्चार नेहमी 'च' होतो. 'चंडी' म्हणजे जुनं दगडी देवालय. गाडीवाल्याला 'कँडी प्रंबानन' म्हणालात तर तो तुमच्याकडे नुसता बघत राहील.

बोरोबुदुर

आठव्या-नवव्या शतकात शैलेंद्र राजांच्या काळात हा स्तूप उभा राहिला. खाली चौरस मजले, वर तीन वर्तुळाकार, त्यांवर 72 जाळीदार स्तूप आणि सगळ्यात वर एक मोठा. बुद्धमूर्ती 504, शिल्पपट 2,672.

तिकिटं दोन प्रकारची आहेत: नुसतं आवार, किंवा वर चढायचं. आवाराचं तिकीट घेऊन वर जाता येत नाही आणि ऐनवेळी बदलूनही मिळत नाही. चढणाऱ्यांची रोजची संख्या मर्यादित आहे, सोमवारी चढण बंद असते, म्हणून चढायचं तिकीट आठवडाभर आधी ऑनलाइन घ्या. परदेशी प्रौढाला साडेचार लाख रुपियाच्या आसपास पडतं. सकाळचा पहिला गट निवडा. वर सावली नाही आणि दगड दहानंतर तापतो. आपले बूट काढून तिथली विणलेली सपाट चप्पल घालावी लागते, कारण रोजच्या हजारो कडक तळव्यांनी पायऱ्या झिजल्या आहेत. वरून सूर्योदय पाहायला मिळेल असं धरून चालू नका. त्यासाठी समोरची सेतुम्बू टेकडी आहे.

गटाला साधारण तासभर मिळतो आणि बहुतेक लोक तो वर पळत जाऊन फोटो काढण्यात घालवतात. सगळे पट क्रमाने पाहायचे तर दहा प्रदक्षिणा होतात, म्हणजे जवळजवळ पाच किलोमीटर. ते तासात होणार नाही, तेव्हा निवड करा. पूर्वेच्या जिन्याने चढा, पहिल्या वीथीत डावीकडे वळा, स्मारक उजव्या हाताला ठेवून चाला. आतल्या भिंतीच्या वरच्या रांगेत बुद्धचरित्राचे 120 पट आहेत: तुषित स्वर्गापासून सारनाथच्या पहिल्या प्रवचनापर्यंत. एवढी एक फेरी नीट करा. खालच्या रांगेत उत्तर बाजूला शिडाचं जहाज कोरलेलं आहे. त्याच्यावरून बांधलेलं एक खरं जहाज 2003-04 मध्ये आफ्रिकेतल्या घानापर्यंत गेलं, ते आवारातल्या संग्रहालयात ठेवलं आहे.

वीथीत दिशा हरवली तर खालच्या मजल्यांवरच्या बुद्धाचा हात पाहा. भूमिस्पर्श मुद्रा म्हणजे पूर्व, वरद म्हणजे दक्षिण, ध्यान म्हणजे पश्चिम, अभय म्हणजे उत्तर. गटाशी भेटायची जागा ठरवतानाही हे कामाला येतं. स्तूपाच्या जाळीत हात घालून मूर्तीला शिवायची जुनी 'नशीब उघडण्याची' हौस आता मना आहे. उतरल्यावर आग्नेय कोपऱ्यात पायथ्याशी थांबा. मूळ पायथ्याचे 160 पट नंतर बांधलेल्या दगडी चौथऱ्यात झाकले गेलेत, त्यांतले मोजके तिथे उघडे आहेत.

जवळचं मेंदुत देऊळ याच दिवशी करा. आत तीन मीटर उंचीचा, पाय खाली सोडून बसलेला बुद्ध आहे आणि जिन्याच्या कडेला पंचतंत्राच्या गोष्टी. काठी तोंडात धरून उडणारं कासव ओळखायला वाटाड्या लागत नाही.

प्रंबानन

योग्यकर्ताच्या पूर्वेला सतरा किलोमीटर. शहरातून ट्रान्सजोगजा बस जाते. इथे एकेकाळी 240 देवळं होती, मधलं शिवाचं 47 मीटर उंच. 856 सालच्या शिलालेखात या शिवालयाचं वर्णन आहे. मे 2006 च्या भूकंपात बरंच ढासळलं, डागडुजी अजून चालू असते, म्हणून एखादं देऊळ बांबूच्या परांचीत दिसलं तर वैतागू नका.

दुपारी तीनला जा. ऊन उतरतं, आणि रामायण नृत्य असेल तर तिथूनच पुढे जाता येतं. बॅटरी बरोबर हवीच, कारण गाभारे अंधारे आहेत आणि फोनच्या उजेडात वरची कोरीव कडा दिसत नाही. शिवमंदिराला चार दालनं आहेत: पूर्वेला शिव, दक्षिणेला अगस्त्य, पश्चिमेला गणपती, उत्तरेला महिषासुरमर्दिनी. स्थानिक लोक या दुर्गेला रोरो जोंग्रांग म्हणतात. एका रात्रीत हजार देवळं बांधायची अट घालून फसवणारी राजकन्या, जी शापाने हजारावी मूर्ती झाली.

रामायण कठड्याच्या आतल्या बाजूला कोरलंय. पूर्वेच्या जिन्याने चढून डावीकडे, शेषशायी विष्णूपासून सुरू. शिवमंदिराची फेरी सेतू ओलांडून लंकेशी संपते आणि लोकांना वाटतं पुढचे पट हरवले. हरवलेले नाहीत, ते शेजारच्या ब्रह्माच्या देवळात चालू होतात. विष्णूच्या देवळात कृष्णकथा आहे. समोरच्या वाहनमंदिरांपैकी नंदीच्या देवळात नंदी शाबूत आहे. त्याच्या मागे सूर्य सात घोड्यांच्या आणि चंद्र दहा घोड्यांच्या रथात आहेत. गरुडाच्या देवळात मात्र गरुड नाही.

त्याच तिकिटावर उत्तरेला पंधरा मिनिटांच्या चालीवर सेवू हे बौद्ध संकुल आहे. प्रंबाननहून जुनं, आणि बहुतेक वेळा रिकामं. फाटकावर छोटी गाडी मिळते, पण चालत गेलात तर वाटेत लुंबुंग आणि बुब्राह दोन्ही होतात. उघड्या रंगमंचावरचं रामायण नृत्य साधारण मे ते ऑक्टोबर असतं, बाकी महिने बंद सभागृहात. उघड्यावर मागे उजळलेली शिखरं दिसतात, त्यामुळे ज्यांना निवड आहे त्यांनी कोरडाच हंगाम साधावा.

उरलेल्या दिवसांपैकी अर्धा दिवस सांबिसारीला द्या. 1966 मध्ये शेत खणताना सापडलेलं हे शिवालय जमिनीच्या पातळीपासून साडेसहा मीटर खाली आहे, कारण मेरापी ज्वालामुखीच्या राखेने ते पुरलं होतं. एक पूर्ण दिवस दिएंगला. दोन हजार मीटर उंचीच्या पठारावर जावातली सगळ्यात जुनी शिवालयं, नावं मात्र अर्जुन, पुंतदेव, श्रीकंदी, घटोत्कच अशी. पुंतदेव म्हणजे युधिष्ठिर. श्रीकंदी म्हणजे आपला शिखंडी, पण जावाच्या वायांग, म्हणजे छायाबाहुल्यांच्या, कथांत ती स्त्री आहे, धनुर्धर आहे आणि अर्जुनाची बायको आहे. जुलै-ऑगस्टच्या पहाटे तिथे दव गोठतं. स्वेटर न घेता गेलेली मंडळी सूर्य उगवेपर्यंत गाडीतून उतरत नाहीत.

बाली: आधी अंगणं समजून घ्या

बालीतल्या देवळाला 'पुरा' म्हणतात आणि त्याला तीन अंगणं असतात. पहिल्यात जमणं, गाड्या, खाणं. मधल्यात वाद्यं, स्वयंपाक, तयारी. आतलं, जेरोआन, पूजेसाठी. दुभंगलेलं दार, चंडी बेंतार, पहिल्या अंगणात नेतं. छत असलेलं भव्य दार आतल्या अंगणाचं. पर्यटकाला कुठपर्यंत जाता येतं ते पाटीवर लिहिलेलं असतं आणि 'आम्हीही हिंदूच' म्हणून ती ओलांडू नका. खरंच पूजेला बसायचं असेल तर पेमांकूला, म्हणजे पुजाऱ्याला, विचारा. नीट पोशाखात असाल तर बहुधा होकार मिळतो.

पोशाख म्हणजे घोट्यापर्यंतचं कामेन आणि कमरेला सेलेन्दांग हा पट्टा. पट्टा नसेल तर कामेन असूनही अडवतात. भाड्याने मिळतं, पण सुकावती बाजारात एकदा विकत घेतलेलं सगळ्या देवळांत पुरतं. पाळी चालू असलेल्या बायकांना आत प्रवेश नाही, तसंच घरात नुकतं कुणी गेलं असेल तर त्यांनाही. या अवस्थेला ते चुंतका म्हणतात. आपल्या सुतकाशी ओळख असलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पूजेच्या वेळी पुजाऱ्यापेक्षा उंच जागी चढू नका, हात जोडून बसलेल्यांच्या पुढून जाऊ नका.

पूजेला बसलात तर पाच नमस्कार असतात. पहिला आणि पाचवा रिकाम्या हातांनी, मधले फुलं धरून, हात कपाळाच्या वर. मग पुजारी तीर्थ शिंपडतो, उजव्या तळव्यात तीन वेळा देतो ते प्यायचं, पुढचं तोंडावर घ्यायचं. शेवटी भिजवलेले तांदूळ कपाळाला आणि गळ्याशी चिकटवायचे, चार दाणे तोंडात. अभिवादन 'ओम स्वस्त्यास्तु'.

तीर्थ एम्पुल

ताम्पाकसिरिंगच्या या झऱ्याचा लेख 962 सालचा आहे. मेलुकात, म्हणजे स्नानशुद्धी, करायची असेल तर सकाळी आठलाच पोहोचा. दहानंतर प्रत्येक धारेपुढे रांग लागते. तिकिटाबरोबर मिळणारं कापड पाण्यात चालत नाही. स्नानाचं वेगळं भाड्याने घ्यायचं आणि सामान कपाटात ठेवायचं. आधी वेदीवर चानांग, म्हणजे फुलांचा द्रोण, ठेवून नमस्कार. मग डाव्या टोकाने पाण्यात उतरा. प्रत्येक धारेखाली हात जोडा, तीन वेळा तोंड धुवा, डोकं खाली धरा, पुढे सरका. पहिल्या कुंडात शेवटाकडच्या दोन धारा मृतांच्या विधीच्या आहेत, त्या सोडायच्या. समोरचा माणूस त्या टाळून पुढे गेला की तुम्हीही जा. साबण नाही, पोहणं नाही. काठावरचे दगड शेवाळलेले असतात, लोक तिथेच घसरतात. दुसरी कोरडी जोडी नेली नाही तर पुढचा दिवस ओल्या कपड्यांत जातो.

तिथून दोनेक किलोमीटरवर गुनुंग कावी. अकराव्या शतकातली, कातळात कोरलेली दहा चंडींची दर्शनी रूपं. वेरूळ पाहिलेल्याला खोदकामाची पद्धत ओळखीची वाटेल, पण इथे आत खोली नाही, नुसता दर्शनी भाग. खाली दरीत उतरायला दोनशेहून अधिक पायऱ्या आहेत आणि तेवढ्याच परत चढायच्या, तेव्हा गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी त्याऐवजी गोवा गजाह ही गुहा घ्यावी. गुहेत तीन लिंगं आणि गणपती, बाहेर 1954 मध्ये उकरून काढलेली स्नानकुंडं.

बेसाकिह आणि बाकीची

आगुंग पर्वताच्या उतारावरचं बेसाकिह हे बालीचं मुख्य देवस्थान, वीसहून अधिक देवळांचा समूह. 1963 च्या उद्रेकात लाव्हा थोडक्यात बाजूने गेला. तिकिटात कापड, वाटाड्या आणि वर नेणारी गाडी धरलेली असते. पावती दाखवा आणि वाटेत जो कोणी वेगळे पैसे मागेल त्याला नम्रपणे नाही म्हणा. पांढरी वस्त्रं शिवाच्या देवळाला, तांबडी ब्रह्माच्या, काळी विष्णूच्या. एवढं कळलं तरी जागेचा नकाशा डोक्यात बसतो. ढग दुपारी खाली येतात, म्हणून नऊच्या आत पोहोचा.

लेंपुयांग देवळाच्या दाराचा, पाण्यात प्रतिबिंब दिसणारा प्रसिद्ध फोटो फोनखाली आरसा धरून काढतात. तिथे पाणीच नाही. रांग तासन्‌तास असते. आमच्या मते ती सोडून वरच्या देवळांकडे चालायला लागावं, पायऱ्या सतराशेच्या घरात आहेत. उलुवातूच्या देवळात माकडं चष्मा पळवतात, तो आधीच पिशवीत टाका.

शाकाहाराचं काय

अडचण मांसाची नाही, तेरासीची आहे. ही सुकटीसारखी कोळंबीची वाटलेली पेस्ट मिरचीच्या बहुतेक सांबालमध्ये, म्हणजे चटणीत, असते आणि भाजीतही. 'तान्पा दागिंग, तान्पा इकान, तान्पा तेरासी' पाठ करा, म्हणजे मांस, मासे, तेरासी नको. योग्यकर्ताचं गुदेग कोवळ्या फणसाचं असतं, पण रस्सा बहुधा कोंबडीचा. तेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि ताहू (सोयाबीनचं पनीर, टोफू) कुठेही मिळतं. बालीतला लावार नावाचा प्रकार कोशिंबिरीसारखा दिसतो आणि त्यात रक्त घातलेलं असू शकतं.

तेंगानान, आणि वेळ असेल तर तोराजा

चंडीदासाहून दहा मिनिटांवर तेंगानान हे बाली आगा, म्हणजे बालीच्या मूळ रहिवाशांचं, गाव आहे. इथलं गेरिंगसिंग कापड दुहेरी इकतचं: ताणा आणि बाणा दोन्ही विणण्याआधी बांधून रंगवलेले. पाटणचा पटोळा याच जातीचा. खऱ्या तुकड्याला काही वर्षं लागू शकतात, तेव्हा स्वस्तात मिळणारं गेरिंगसिंग नसतं. विणणाऱ्या बाईंना उलटी बाजू दाखवायला सांगा, दोन्हीकडे नक्षी सारखीच हवी.

सुलावेसी बेटावरच्या तोराजा भागात मकास्सार शहराहून बसने आठ ते दहा तास लागतात, आणि हाताशी चार दिवस नसतील तर जाऊ नका. मोठे अंत्यविधी जुलै-ऑगस्टमध्ये होतात, परक्यांना बसायला जागा देतात. रान्तेपाओत स्थानिक वाटाड्या ठरवा, गडद कपडे घाला आणि यजमानांसाठी साखर, कॉफी किंवा सिगारेटचा खोका न्या, पैशाचं पाकीट नको. म्हशी आणि डुकरं तिथे समोरच कापली जातात. लहान मुलं बरोबर असतील तर विधी सोडून लेमो आणि लोंदाच्या कड्यांवरच्या कबरी आणि लाकडी ताऊ-ताऊ, म्हणजे मृतांचे पुतळे, पाहा. लेमोला सकाळी जा; दुपारनंतर कडा सावलीत जातो आणि पुतळ्यांचे चेहरे दिसत नाहीत.